आमरीला जमीन लागत नाही

आमच्या आईने आजवर किती फुलं तोडली असतील, याचा हिशेब लागायचा नाही. जुन्नर-आंबेगावकडे शेवंती-झेंडूचे मळे आहेत. दसरा-दिवाळी जवळ आली की आई पहाटे चारला उठून रोजावर फुलं तोडायला जायची. दवात हात गारठायचे, बोटं हिरवीकाळी व्हायची. पाट्या टेम्पोत चढल्या की फुलं पुण्याच्या बाजाराला जायची आणि आई भाकरी थापायला घरी यायची.

तिच्या आईचे, म्हणजे माझ्या आजीचे दिवस तर आणखी वाईट होते. "तोडायला आमचे हात चालायचे," आजी सांगायची, "पन देवळाच्या पायरीवर फूल ठिवायला त्येच हात चालत नव्हते." १९५६ साली बाबासाहेबांनी धम्म दिला. आमच्या आजोबांनी घरातले देव बाहेर काढले आणि तथागतांची व बाबासाहेबांची तसबीर लावली. त्यानंतर घरात जे पहिलं फूल वाहिलं गेलं ते आजीच्या हातचं होतं. म्हणून आमच्या घरात फूल ही साधी गोष्ट नाही.

पुण्याच्या एम्प्रेस बागेत दर जानेवारीत, सव्वीस जानेवारीच्या सुमाराला, फुलांचं प्रदर्शन भरतं. वर्तमानपत्रात त्याचे फोटो येतात. आई ते फोटो कापून डब्याखाली ठेवायची. एकदा म्हणाली, "जन्मभर दुसऱ्याची फुलं तोडली. एकदा नुसती बघायला जायचंय. तोडायला नाय."

तेवढं मनावर घेतलं आणि निघालो. आई, मी आणि माझी नववीतली मुलगी. सकाळची एस.टी. धरली. थंडी अशी की खिडकीच्या काचेवर बोटाने नाव लिहिता येत होतं. नारायणगाव, मंचर, राजगुरुनगर, चाकण करत पुण्याला उतरलो. पिशवीत भाकरी, मेथीची भाजी आणि ठेचा होता. शहरात बाहेरचं खायला पैसे फार लागतात, हे आपल्या माणसांना सांगायला नको.

एम्प्रेस बाग रेसकोर्सच्या बाजूला आहे. जवळजवळ चाळीस एकरांची. ती चालवणारी ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी १८३० सालची आहे. आधी हिला सोल्जरांची बाग म्हणत, कारण गोऱ्या पलटणीच्या शिपायांसाठी ती होती. पुढे १८७६ साली व्हिक्टोरिया राणीने भारताची सम्राज्ञी असा किताब घेतला आणि तिच्या मानाने बागेला एम्प्रेस नाव पडलं. याच पुण्यात १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीमाईंनी मुलींची शाळा काढली. जोतीरावांचं घराणं मूळचं गोऱ्हे. पेशव्यांना फुलं पुरवण्याच्या धंद्यावरून त्यांना फुले म्हणू लागले. मी हे सांगितल्यावर मुलगी हसून म्हणाली, "म्हणजे आजीच्या धंद्यातलेच की!"

आत शिरल्यावर आईचं बोलणंच बंद झालं. गुलाब, शेवंती, डेलिया, कुंड्यांच्या ओळीच्या ओळी. शेवंतीपाशी ती ओळखीचं माणूस भेटल्यासारखी थांबली. हात पुढे गेला आणि परत मागे आला. मी म्हटलं, "बघ ना हात लावून." ती म्हणाली, "नगं. आज बघायला आलोय."

एका बाजूला सावलीच्या जाळीखाली ऑर्किडची फुलं मांडली होती. तिथे गर्दी फार. जांभळी, पिवळी, पांढरी, वाघासारखे ठिपके असलेली. फुलपाखरं ओळीने बसावीत तशी एकेका दांड्यावर आठ-दहा फुलं. आई एका कुंडीत डोकावली आणि म्हणाली, "ह्यात माती कुठाय? कोळसं घातल्यात नुसतं."

तिथे एक वयस्कर माळीबाबा झारीने पाणी मारत होते. त्यांनी आईला नीट समजावून सांगितलं. ही झाडं रानात दुसऱ्या झाडाच्या फांदीवर राहतात. यांच्या मुळांना माती नको असते, हवा हवी असते. म्हणून कुंडीत कोळसा, विटांचे तुकडे आणि नारळाचा काथ्या घालतात. मुळावर पांढरी, स्पंजासारखी साल असते. पाऊस, धुकं, दव जे येईल ते ती शोषून घेते. पाणी साचून राहिलं की मूळ कुजतं.

"म्हंजी बांडगुळच की," बाजूचा एक माणूस म्हणाला.

"नाही," माळीबाबा म्हणाले. "बांडगूळ झाडात मुळं घुसवून त्याचा रस पितं. हे फक्त फांदीवर बसतं. झाडाचं काही घेत नाही. स्वतःचं अन्न स्वतःच्या हिरव्या पानांत तयार करतं."

हे वाक्य मी मनात जपून ठेवलं आहे. 'सरकारी सवलतींवर जगणारे' असं आपल्याला कुठल्या ना कुठल्या कचेरीत ऐकावं लागतंच. कोण कुणाचा रस पितं, हे पानं आणि मुळं बघून ठरवावं. बसण्याच्या जागेवरून ठरवू नये.

माळीबाबांकडून आणि नंतर पुस्तकांतून जे कळलं ते मुलांसाठी इथे देते. जगात ऑर्किडच्या सुमारे २८ हजार जाती आहेत आणि आपल्या देशात सुमारे १२५०. एकेका शेंगेत लाखांनी बी असतं, पण ते धुळीसारखं बारीक. त्या बीजात अन्नाचा साठाच नसतो. ज्वारीच्या दाण्यात कोंबासाठी पीठ असतं, तसं इथे काही नसतं. रानात एक बारीक बुरशी त्या बीजाला अन्न पुरवते, तेव्हाच ते रुजतं. लाखांतलं एखादंच जगतं. १९२२ साली अमेरिकेतल्या लुईस नडसन या शास्त्रज्ञाने साखर घातलेल्या लगद्यावर बुरशीविनाही हे बी रुजवून दाखवलं. तेव्हापासून प्रयोगशाळेतल्या बाटल्यांमधून रोपं तयार करता येऊ लागली. आज बाजारात दिसणारी बहुतेक रंगीत ऑर्किडं अशा बाटलीतूनच आलेली असतात. त्याआधी, एकोणिसाव्या शतकात, युरोपातल्या श्रीमंतांना ऑर्किडचं वेड लागलं होतं. त्यांनी पाठवलेली माणसं दक्षिण अमेरिकेच्या रानांत शिरायची आणि वरच्या आमरीसाठी खालची झाडंच्या झाडं तोडायची. फूल साहेबाच्या काचघरात जायचं आणि रान उघडं पडायचं.

पुढे एका खांबावर एक हिरवा वेल चढवला होता. पाटीवर व्हॅनिला असं लिहिलं होतं. मुलीला आश्चर्य वाटलं, "आइस्क्रीमवाला व्हॅनिला?" होय, तोच. व्हॅनिलाही ऑर्किडच आहे. मूळचा मेक्सिकोचा. दुसरीकडे लावला तर फुलायचा, पण शेंग धरायची नाही. मोठमोठ्या पंडितांना त्याचं सोपं उत्तर सापडत नव्हतं. ते १८४१ साली हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर सापडलं, आणि ज्याला सापडलं तो होता बारा वर्षांचा एक गुलाम मुलगा. त्याचं नाव एडमंड. एक बारीक काडी आणि स्वतःचा अंगठा, एवढ्यावर त्याने फुलातला पडदा उचलून पराग जागेवर दाबला, आणि शेंग धरली. आजही जगभर व्हॅनिला जवळपास त्याच रीतीने हाताने फळवतात. पुढे एका नावाजलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञाने, ही रीत आपणच शिकवली, असा दावाही केला. पण एडमंडच्या मालकाने मुलाच्या बाजूने साक्ष दिली. १८४८ साली तिथली गुलामगिरी संपली, एडमंड मोकळा झाला आणि त्याला आल्बियस हे आडनाव मिळालं. बेटावरचे मळेवाले श्रीमंत झाले. एडमंड मात्र १८८० साली गरिबीतच मेला.

आई लक्ष देऊन ऐकत होती. म्हणाली, "त्येचं नाव तरी ऱ्हायलं. फुलं तोडणाऱ्या आमच्या बायांची कुठं ऱ्हात्यात?" मला उत्तर देता आलं नाही.

आम्ही निघणार होतो, तेवढ्यात आई मागे फिरली. अगदी कोपऱ्यात, लाकडी पट्ट्यांच्या टोपलीत एक झाड टांगलं होतं. त्याला एकही फूल नव्हतं. लांब, जाड, पन्हाळीसारखी पानं आणि खाली लोंबणाऱ्या जाडजूड पांढऱ्या मुळ्या. त्याच्याकडे कुणी बघतही नव्हतं. आई त्या मुळ्यांकडे बघत राहिली आणि म्हणाली, "पोरी, ही आमची आमरी हाय."

पाटीवर लॅटिन नाव होतं, रिंकोस्टायलिस रेटुसा. आपल्याकडे तिला सीतेची वेणीही म्हणतात. आईच्या माहेरी मात्र नुसतं आमरी. आंब्यावर वाढते ती आमरी. ही वैशाख सरताना, पावसाच्या तोंडाला फुलते. पांढऱ्या-जांभळ्या फुलांचे हातभर गजरे फांदीवरून खाली लोंबतात. आसाम आणि अरुणाचल प्रदेश या दोन्ही राज्यांचं ते राज्यफूल आहे. आसामात बिहूच्या सणाला बाया ते केसांत माळतात. आमच्या आईने मात्र ते हिवाळ्यात, नुसत्या मुळ्यांवरून ओळखलं.

परतीच्या एस.टी.त मंचरच्या पुढे अंधार पडला, तेव्हा आईने गोष्ट सांगितली. तिचं माहेर जुन्या आंबेगावाच्या शेजारच्या वस्तीवर, घोड नदीच्या काठाला. आपल्या वस्तीच्या टोकाला एक थोरला आंबा होता आणि त्याच्या ढोलीपाशी आमरीचा हा एवढा गड्डा. मुली त्याच्या फुलांचा गजरा करायच्या. गावच्या फुलबागेतलं फूल आपल्या पोरींच्या केसांत दिसलं तर शिव्या बसायच्या, पण आमरीवर कुणाची मालकी नव्हती. "तेवढंच एक फूल आमचं व्हतं," आई म्हणाली.

मग घोड नदीवर डिंभ्याचं धरण झालं. जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचं नाव आहे. ते आंबेगाव तालुक्यातल्याच महाळुंगे पडवळचे, मुंबईतले गिरणी कामगार. १२ डिसेंबर १९३० रोजी परदेशी कापडाच्या ट्रकपुढे त्यांनी प्राण दिले. त्या पाण्याने खाली कितीतरी शेतं भिजली, ही गोष्ट खरीच. पण जुनं आंबेगाव बुडालं. तालुक्याला आंबेगाव हे नाव राहिलं, कचेरी घोडेगावला आहे आणि ज्या गावाचं हे नाव ते पाण्यात आहे. आईचं माहेरही गेलं, आंबाही गेला. माझ्या आजोबांच्या नावावर जमीन नव्हती. ते दुसऱ्याच्या बांधावर राबायचे. ज्याच्या नावावर जमीन नव्हती त्याला जमिनीबद्दल जमीन कशी मिळणार? मामा वरच्या अंगाला सरकला आणि तिथेच घर बांधून राहिला.

"आन् आमरी?" मुलीने विचारलं.

"तुझ्या मामाआज्याला इचार," आई म्हणाली.

आता मामाकडे जायचं ठरलं. पण त्याआधी मुलीने आणखी एक प्रश्न काढला. "आई, त्या बागेला राणीचं नाव आहे. आपल्या लोकांनी कधी झाडं लावली, त्याची काही नोंद आहे का?" नोंद आहे, आणि ती आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. म्हणून शनिवारी दुपारी आम्ही दोघी मानमोडीवर गेलो. आईचे गुडघे चढू देत नाहीत, ती खालीच बसली.

जुन्नरच्या दक्षिणेला हा मानमोडीचा डोंगर. त्यात बौद्ध लेण्यांचे तीन गट आहेत. त्यांतल्या अंबा-अंबिका गटात, अर्धवट राहिलेल्या चैत्यगृहावर दानाचे लेख कोरलेले आहेत. अक्षरं ब्राह्मी, भाषा प्राकृत, वय जवळजवळ अठराशे वर्षं. त्यातला एक लेख आडुथुम नावाच्या शक उपासकाचा. करंजाच्या झाडांकरिता वीस निवर्तनं आणि वडाच्या झाडांकरिता नऊ निवर्तनं जमीन दिल्याची नोंद त्यात अभ्यासकांनी वाचली आहे. निवर्तन हे त्या काळचं जमिनीचं माप. परदेशातून आलेला एक माणूस इथे उपासक झाला आणि त्याने झाडांसाठी जमीन दिली. जुन्नरच्या लेण्यांतल्या दानलेखांत बांबूकाम करणारे, कासार, धान्याचे व्यापारी यांच्या श्रेणी, म्हणजे संघटनाही येतात. राजे-महाराजांचीच नव्हे, कष्टाने पोट भरणाऱ्यांची नावंही तिथल्या दगडावर आहेत. मुलीने त्या ओळींवरून अलगद बोट फिरवल्यासारखं केलं, पण हात लावला नाही. आजीचंच वळण!

रविवारी सकाळी आम्ही मामाकडे गेलो. घोडेगावच्या पुढे रस्ता डोंगरात शिरतो. हिरड्याची झाडं दिसू लागतात. या भागातले महादेव कोळी बांधव बाळहिरडा गोळा करून विकतात, त्यावर कितीतरी घरं चालतात. वर भीमाशंकरचं अभयारण्य आहे. १९८५ साली ते जाहीर झालं. आपल्या राज्याचा प्राणी शेकरू तिथे राहतो. डावीकडे धरणाचं निळं पाणी लांबवर पसरलेलं. आई खिडकीतून बोट दाखवून सांगत होती, "तिथं वढा व्हता. तिथं शाळा व्हती." आम्हाला फक्त पाणी दिसत होतं.

मामाच्या दारात एक आंबा आहे. तसा तरुणच. मामाने आईला हाताला धरून त्याच्या मागे नेलं. छातीएवढ्या उंचीवर, दोन फांद्यांच्या बेचक्यात आमरीचा गड्डा. जाड पानं, पांढऱ्या मुळ्या खोडाला घट्ट मिठी मारून बसलेल्या. त्यांच्या मधोमध काथ्याच्या दोरीचा एक काळा पडलेला तुकडा अडकलेला होता.

"पानी चढाया लागलं तवा भांडीकुंडी काढली," मामा सांगू लागला. "मंग मनात आलं, आक्काची आमरी ऱ्हायली. परत गेलो. आंबा तर आनता येत नव्हता. ही तेवढी सोडवली, वल्या पोत्यात गुंडाळली आन् हितं येऊन दोरीनं बांधली. दोन वरीस रुसली. मंग धरली."

आई काही बोलली नाही. पदर डोळ्यांना लावला आणि त्या मुळ्यांवरून पहिल्यांदा हात फिरवला.

मामी म्हणाली, "ताई, ह्यातला एक तुकडा न्या की जुन्नरला. दारात लावा."

आई थोडा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "नगं. एकदा उठवली तिला. आता ऱ्हाऊ दे हितंच."

जेवताना मामा हसत म्हणाला, "आक्का, आमरीचं बरं हाय. तिला जमीन लागत नाय." आणि मग गप्प झाला. कारण माणसाला जमीन लागते. घरासाठी लागते, पेरायला लागते, मेल्यावरही लागते. भूमिहीनांना जमीन मिळावी म्हणून कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली सत्याग्रह उभे केले. हजारो आपली माणसं तुरुंगात गेली. आमचे आजोबाही त्या काळातल्या सभांना पायी जायचे, असं आई सांगते. त्या लढ्याचं काम अजून संपलेलं नाही. आमरीसारखं हवेवर आणि दवावर जगा, असं कुणी आपल्याला सांगू लागलं, तर त्याला मामाचं दार दाखवावं.

निघताना मुलगी मामाला म्हणाली, "मामाआजोबा, ही बुद्ध पौर्णिमेला फुलते का?" मामा म्हणाला, "कळ्या धरत्यात तवा. फुलती जरा मागनं." मग ठरलं, फुलली की मामा निरोप धाडणार आणि आम्ही जाणार. फूल तोडायचं नाही. विहारात फूल वाहताना आपण म्हणतोच, की जसं हे कोमेजेल तसं हे शरीरही जाणार आहे. मामाच्या वस्तीवरच्या छोट्या विहाराचं दार नेमकं त्या आंब्याकडेच उघडतं. फूल फांदीवरच राहील आणि वंदनाही होईल.

वाचक बंधू-भगिनींनो, जानेवारीत जमलं तर मुलाबाळांना, आणि विशेष करून घरातल्या म्हाताऱ्या माणसांना, ते प्रदर्शन दाखवा. त्यांना काय काय ओळखू येतं ते विचारा. पुस्तकात नसलेलं पुष्कळ कळेल. रंगीत ऑर्किड हौसेने घ्यायचं असेल तर रोपवाटिकेतलं घ्या. पण कुणी रस्त्याकडेला रानातल्या आमरीचे उपटलेले गड्डे विकत असेल तर घेऊ नका. अभयारण्यातून झाड काढणं हा तर गुन्हाच आहे, आणि बहुतेकदा ते कुंडीत जगतही नाही. मानमोडीला जाल तेव्हा आवाज करू नका, उदबत्ती पेटवू नका. तिथे मधमाश्यांची मोठमोठी पोळी असतात. आणि लेखांना हात न लावता, त्यात कुणाची नावं आहेत ते मुलांना सांगा.

आईने प्रदर्शनाचा कापलेला फोटो डब्याखालून काढून टाकला आहे. त्या जागी आता आंब्यावरच्या आमरीचा फोटो आहे. मुलीने मोबाइलवर काढला आणि जुन्नरला छापून आणला. त्यात फूल नाही. मुळ्या आहेत, आणि तो दोरीचा तुकडा आहे.